समोरचा ओटा

अंजनी तांब्यातून पाणी ओतत होती, तेवढ्यात समोरच्या बंद घरात काहीतरी पडलं.

भांड्याचा आवाज होता. आधी मोठ्यानं आणि मग फरशीवर गोल फिरत बारीक होत गेलेला. तिच्या ओट्यावर, दाराच्या पायरीवर बसलेल्या माणसानं पेला नुकताच तोंडाला लावला होता. त्यानं घाईनं दोन घोट घेतले आणि पेला खाली ठेवला.

“मांजर असेल, मावशी. बंद घरात शिरतात.”

“असंल,” अंजनी म्हणाली.

वेणूच्या घरात मांजर शिरायला जागा नव्हती. मागच्या गणपतीत वेणूचा मुलगा धर्मेश पुण्याहून आला होता, तेव्हा त्यानं सगळ्या खिडक्यांना जाळ्या मारून घेतल्या होत्या आणि दाराच्या वर गोल, पांढरा कॅमेराही बसवला होता. अंजनीनं पायरीवरच्या माणसाकडे पाहिलं. तिशीतला, दाढी केलेला, गळ्यात ओळखपत्र, अंगात पिवळं जाकीट. आठवड्यापूर्वी हाच गॅसच्या पाइपलाइनची पाहणी करायला म्हणून आला होता. आज पाणी मागून बसला होता आणि उठायचं नाव घेत नव्हता.

“थांब. गूल आनतंय. उनाचा नुसता पानी पिऊ नये.”

“नको मावशी, कशाला...”

ती तोवर आत गेलीही होती. गुळाच्या डब्यापाशी न थांबता ती मागच्या दारानं बाहेर पडली आणि अनवाणीच महेशच्या अंगणात शिरली. महेश खरवईतल्या नव्या इमारतींना पाण्याचे टँकर पुरवायचा. त्याचे दोन ड्रायव्हर पडवीत जेवत बसले होते. अंजनीला धाप लागली होती.

“वेणूच्या घरान कोन तरी हाय,” ती म्हणाली. “एक म्हाज्या ओट्यावर बसलाय. मना बोलन्यात गुतवतंय.”

महेशनं ताट सरकवलं. त्याची बायको किर्ती हात न धुताच फोन शोधायला धावली.

पुढचं सगळं झपाट्यानं झालं. वेणूच्या मागच्या भिंतीवरून एक जण गोणी घेऊन उतरला तो थेट ड्रायव्हरांच्या पुढ्यात. पण उतरण्याआधी त्यानं एक लहान पिशवी बोळात फेकली होती. आरडाओरडा ऐकून पिवळ्या जाकिटातला माणूस ओट्यावरून उठला, बोळातून पिशवी उचलून मोटारसायकलवर बसला आणि महेश गल्लीच्या तोंडाशी पोचेपर्यंत बदलापूरच्या रस्त्याला लागलाही. गाडीच्या नंबरावर चिखल फासलेला होता.

पोलीस आले. त्यांच्या साहेब तेजल म्हणून एक तरुण बाई होत्या. पकडलेल्या माणसाला गाडीत बसवून त्या वेणूच्या घरात गेल्या. मागच्या दाराची कडी उचकटलेली होती. गोणीत तांब्याचा हंडा, पितळी समया, परात, सगळं मिळालं. फक्त देव्हारा रिकामा होता. एकवीरा आईचा चांदीचा टाक त्या लहान पिशवीतून गेला होता.

तेजल मॅडम अंजनीच्या ओट्यावर येऊन बसल्या.

“घर बंद असतं, मुलगा पुण्याला असतो, हे त्यांना कसं कळलं असेल, मावशी?”

किर्ती म्हणाली, “पाळत ठेवली असेल, मॅडम. हल्ली तसंच करतात.”

अंजनीनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

“मीच सांगला,” ती म्हणाली.

मागच्या आठवड्यात तो आला तेव्हा त्यानं समोर बोट दाखवून विचारलं होतं, इथे कोण राहतं? एवढंच. पण वेणूबद्दल अंजनीला बरेच दिवसांत कोणी काही विचारलंच नव्हतं. अंजनीचा मुलगा राजू अंबरनाथच्या कारखान्यात पाळीवर जायचा. सून ऋतिका बदलापुरात कपड्यांच्या दुकानात कामाला होती. त्या दोघांना वेणूची गोष्ट जुनी झाली होती. आणि हा परका माणूस ऐकून घेत होता, मान हलवत होता. अंजनी बोलत राहिली. दोघी एकाच वर्षी या आळीत लग्न होऊन आल्या. जिथे आता ते उंच टॉवर आहेत तिथे दोघींची शेतं बांधाला बांध लागून होती. लावणीला वेणूचा आवाज पार ओढ्याच्या पलीकडे जायचा. दुपारी कामं उरकली की ती तिच्या ओट्यावर आणि अंजनी आपल्या ओट्यावर, मध्ये एवढीशी गल्ली. गल्ली ओलांडायची गरजच पडायची नाही. मग वेणूला झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. धर्मेश तिला घेऊन गेला. आता घर बंदच असतं. गणपतीला तेवढा धर्मेश एकटा येतो, दिवा लावतो आणि जातो.

हे सगळं तिनं त्या माणसाला सांगितलं होतं, आणि सांगून झाल्यावर तिला हलकं वाटलं होतं.

“ठीक आहे, मावशी,” तेजल मॅडम म्हणाल्या. “तुम्ही आवाज ओळखलात म्हणून एक तरी सापडला.”

महेशनं धर्मेशला फोन लावला आणि सगळं सांगून झाल्यावर अंजनीच्या हातात दिला.

“काकी, तुम्हाला काही लागलं नाही ना?”

“मना काय व्हतंय. धर्मा, आईचा टाक गेला रे.”

“बघू. मी निघतोच. उद्या सकाळी पोचतो.”

अंजनीनं फोन दुसऱ्या कानाला लावला.

“आयशीला आनशील?”

“बघतो, काकी,” तो म्हणाला.

सकाळी ऋतिका कामाला जाण्यापूर्वीच अंजनीनं वेणूची पायरी धुऊन काढली. तांदळाच्या भाकऱ्या केल्या, कांदा घालून जवळा परतला. वेणूला जवळ्याशिवाय भाकरी गिळवत नसे. मग तिच्या लक्षात आलं की वेणूला आता खाली बसता येणार नाही. ती किर्तीकडून हात असलेली खुर्ची घेऊन आली आणि आपल्या ओट्यावर सावलीत ठेवली. खुर्ची डुगडुगत होती, म्हणून एका पायाखाली पुठ्ठ्याचा तुकडा सरकवला.

गाडी आली तेव्हा ती उभीच होती. धर्मेश पुढच्या दारातून उतरला. अंजनी मागच्या काचेकडे बघत राहिली. मागच्या सीटवर एक बॅग आणि पाण्याची बाटली होती. धर्मेशनं बॅग काढून दार लावून घेतलं.

“नाय आली?”

“मी म्हटलं होतं, काकी. चल म्हणून. गाडी सावकाश चालवतो म्हटलं.” तो तिच्याकडे न बघता चपला काढत होता. “तिनंच मान हलवली. नको म्हणून.”

“बरा,” अंजनी म्हणाली. “लांब पडतंय.”

धर्मेश दमला होता. समोर खुर्ची दिसली तसा तो तिच्यात बसला. अंजनीनं त्याला भाकरी आणि जवळा वाढला. तो भुकेनं जेवला. तिनं स्वतःला वाढून घेतलं नाही.

पहिल्या वर्षी अंजनी दर आठवड्याला पुण्याला फोन करायची. धर्मेशची बायको जिज्ञासा फोन वेणूच्या कानाला लावायची. अंजनी इकडून बोलायची आणि तिकडून नुसता घशातला आवाज यायचा, शब्द शोधणारा, मग रडण्याचा. एकदा ऋतिकानं आपल्या मोबाइलवर व्हिडिओ लावून दिला. पडद्यावर वेणू दिसली, बारीक झालेली, केस कापलेले. अंजनीला बघितल्याबरोबर वेणूनं डाव्या हातानं पदर ओढून वाकडं झालेलं तोंड झाकून घेतलं आणि फोन बंद होईपर्यंत काढला नाही. त्यानंतर जिज्ञासा एकदा संकोचून म्हणाली होती, काकी, राग मानू नका, पण तुमचा फोन झाला की त्या रात्रभर झोपत नाहीत. अंजनीनं राग मानला नाही. फोन करणं सोडलं.

दुपारी तेजल मॅडम आल्या.

“कॅमेऱ्यात काही आलंय का बघू,” त्या म्हणाल्या.

धर्मेशनं मोबाइल काढला. “उपयोग होईल असं वाटत नाही, मॅडम. ते मागच्या भिंतीवरून आले, कॅमेरा पुढच्या दारावर आहे. आणि खरं सांगायचं तर मी नोटिफिकेशन बंद करून ठेवलीत. दिवसभर वाजायचा. गल्लीत कोणी गेलं की वाजायचा.”

“तरी बघू.”

त्यानं कालची दुपार काढली. तेजल मॅडम त्याच्या खांद्यावरून वाकून बघत होत्या. त्यांच्या कपाळाला आठी पडली.

“हे तुमचं दार कुठाय? हा तर या मावशींचा ओटा आहे.”

खरंच, चित्रात वेणूचं दार नव्हतं. चित्राच्या बरोबर मधोमध अंजनीचा ओटा होता. खांब, त्यावर अडकवलेली पिशवी, दाराची पायरी, सगळं स्वच्छ. ओट्यावर अंजनी बसलेली होती, कॅमेऱ्याकडे पाठ करून. आणि तिच्यासमोर, दाराच्या पायरीवर, तिच्याकडे तोंड करून पिवळ्या जाकिटातला माणूस बसला होता. तो बोलत होता. हसला. कपाळावरचा घाम पुसला तेव्हा त्याचा चेहरा पूर्ण वर आला, भुवईवरच्या जुन्या व्रणासकट.

“अरे वा,” तेजल मॅडम म्हणाल्या. “पासपोर्टला काढावा तसा फोटो आलाय. मावशी, तुम्ही इकडे पाठ करून बसलात म्हणून त्याला इकडे तोंड करावं लागलं. हा मला लगेच पाठवा.”

धर्मेश फोटो पाठवताना पुटपुटला, “पण मी दारावरच लावला होता. वाऱ्यानं हलला असणार.”

“हा वाऱ्यानं नाही हलत. फिरता कॅमेरा आहे, मोबाइलवर बोट फिरवलं की फिरतो. ॲप अजून कोणाकडे आहे?”

“माझ्याकडेच. म्हणजे...” तो आठवत म्हणाला, “माझा जुना मोबाइल आईला दिलाय. तिला घर बघायला बरं वाटतं म्हणून. बिछान्यात पडल्यापडल्या बघत असते. पण तिला फिरवता वगैरे...”

त्याचं बोट पडद्यावर सरकलं.

त्यानं मागचा दिवस काढला. त्याच्या मागचा. पावसाळ्यातला एक दिवस, दिवाळीतला एक. सगळीकडे तोच ओटा होता. अंजनी तांदूळ निवडते आहे. अंजनी कपडे घडी करते आहे. अंजनी खांबाला टेकून झोपली आहे. आणि सगळीकडे अंजनीची पाठच होती. हिरवं लुगडं, निळं लुगडं, पांढरा झालेला अंबाडा.

कॅमेरा बसवल्यावर काही दिवसांतच अंजनीला वाटू लागलं होतं की तो आपल्याकडे टक लावून बघतो. ऋतिकाला तिनं तसं सांगितलंही होतं आणि ऋतिका हसली होती. त्यानंतर ती ओट्यावर तोंड फिरवून बसू लागली.

एका चित्रात ती पाठमोरी बसलेली असताना चित्रच हललं. कॅमेरा डावीकडे सरकला, मग उजवीकडे, जरा खाली आला, पुन्हा वर गेला. कोणीतरी वाकून, मान वळवून दुसऱ्या बाजूनं काही दिसतंय का बघावं तसा. मग पुन्हा पाठीवर येऊन थांबला.

तेजल मॅडम उठल्या आणि फोन करायला गल्लीत गेल्या.

फोटो संध्याकाळपर्यंत सगळीकडे फिरला. पोलिसांनी तो कल्याणपासून बदलापूरपर्यंतच्या सोन्याचांदीच्या दुकानदारांना पाठवला होता. दुसऱ्या दिवशी उल्हासनगरच्या एका सिंधी चांदीवाल्याकडे भुवईवर व्रण असलेला माणूस टाक मोडायला आला. दुकानदारानं त्याला बसवलं, चहा सांगितला, काटा बिघडलाय म्हणाला, आणि आत जाऊन पोलिसांना फोन केला. पोलीस पोचले तेव्हा तो दुसरा चहा पीत होता.

धर्मेश अंजनीला ओळख पटवायला पोलीस ठाण्यावर घेऊन गेला. पिवळं जाकीट नव्हतं, पण तोच होता. त्यानं मान वर केली नाही. टेबलावर कागदावर टाक ठेवला होता.

“हाच का, मावशी?”

“हाच.” अंजनीनं हात लावला नाही, लांबूनच नमस्कार केला. “वेणू दसऱ्याला चिंचेनं घासायची.”

“कोर्टाची ऑर्डर झाली की परत मिळेल,” तेजल मॅडम म्हणाल्या. “दोघेही याआधी वांगणीच्या बाजूला दोन घरं फोडून आलेत. तुमच्यामुळे तीही प्रकरणं सुटतील. आणि तो कॅमेरा आता दारावर करून घ्या. आमच्या नशिबानं यावेळी चाललं.”

“करतो,” धर्मेश म्हणाला.

घरी परत येताना खरवईचं वळण आल्यावर तो गाडीत म्हणाला, “मला वाटायचं आई देव्हारा नाहीतर दार बघत असेल.”

अंजनी खिडकीतून बाहेर बघत होती. “तिला यातून नीट दिसतं सगला?”

“दिसतं.”

“आनि आयकू?”

“ऐकूही जातं, काकी. माइक आहे ना त्याला. पायरीपाशी कोणी बोललं तर नीट ऐकू जातं. लांबचं जरा कमी.”

निघण्यापूर्वी त्यानं मागच्या दाराला लोखंडी अडसर बसवून घेतला. मग वेणूच्या अंगणात उभं राहून मोबाइलवर बोट फिरवलं. वर कॅमेरा बारीक घरघरला आणि हळूहळू मान खाली घालत दारावर आणि पायरीवर येऊन थांबला. अंजनी आपल्या ओट्यावरून बघत होती. तिनं काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण दुसरा चोरही कालच तर पकडला होता आणि पोरगा एवढा लांबून आला होता. तिनं सकाळी नव्यानं परतलेला जवळा डब्यात भरून त्याच्या हातात दिला.

“आयशीला दे. जास्त तिखट नाय केला.”

“काकी,” धर्मेश म्हणाला, “आईला सांगू, कॅमेऱ्याला हात लावू नको म्हणून?”

अंजनीनं त्याच्या बॅगेची उघडी राहिलेली चेन लावली.

“काय सांगू नको तिला,” ती म्हणाली. “तिचा घर हाय.”

गाडी गेली. गल्लीत धूळ उठून बसली. दुसऱ्या दिवशी सकाळी राजू पाळीवर गेला, ऋतिका दुकानात गेली. अंजनीनं जेवण उरकलं. भिजवून मोड आणलेले वाल एका परातीत घेतले आणि सोलायला नेहमीच्या जागी, खांबापाशी बसली. दोनचार वाल सोलून झाले. तिनं समोर पाहिलं. कॅमेऱ्याचा काळा डोळा खाली, वेणूच्या पायरीकडे होता. तो हलला नाही. वेणू जेवली असेल, झोपली असेल. कदाचित धर्मेशनं फोन काढून घेतला असेल. कसं कळणार?

ती उठली. परात कमरेवर घेतली आणि गल्ली ओलांडली.

वेणूच्या पायरीवर बसताना तिला अवघडल्यासारखं झालं. एवढ्या वर्षांत ती या पायरीवर फार वेळा बसली नव्हती. तिनं परात मांडीवर घेतली, अंबाडा चाचपून घट्ट केला, पदर सारखा केला. मग दाराकडे, वर तोंड करून बसली. उजेड डोळ्यांवर येत होता.

गल्लीतून किर्ती बादली घेऊन चालली होती. तिला वाटलं, काकी कोणाशी बोलताहेत. ती थांबली, पण पायरीवर दुसरं कोणी नव्हतं.

“...वाल बारके आलेत गो औंदा,” अंजनी सांगत होती. “त्यो मंगलवारचा बाजारवाला लबाड. मी म्हनला, आरं, बी तरी नीट बघून आनाचा. तर मनाच म्हनतो, काकी, तुमच्या डोल्यांना बारका दिसतंय.”

ती हसली. हातातल्या वालाचं साल काढून तिनं पायरीखाली टाकलं. मग बोलता बोलता गप्प झाली. वर बघत, वेणूनं मध्ये काही म्हटलं असतं तेवढा वेळ थांबली, आणि “नाय गो, तसा नाय,” म्हणून पुढचं सांगू लागली.